खळ्यातला मंगळ

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट खायला थोरल्या घरी गेले आणि उपाशी परत आले. वही काढून बसले आहे, कारण कोणाशी तरी भांडल्याशिवाय घास उतरणार नाही आणि घरात दुसरं माणूस नाही.

झालं ते असं. शेजारच्या वच्छलाबाईच्या ऋतिकाचं सावद्याचं स्थळ मोडलं. पोरगी जळगावला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते, दिसायला चांगली, बोलायला त्याहून चांगली. पण पत्रिकेत मंगळ निघाला. तर सगळ्या भाऊबंदांसमोर, ताटं वाढता वाढता, माझी मोठी जाऊ सुंदरबाई म्हणाली, "बरं झालं मोडलं. मंगय काही खोटा राहत नाही. आमच्या लतेलेबी होता. पाहा ना, शेवटी घेतलाच त्यानं माह्या देराले."

माझे यजमान शालिग्राम चौधरी दीड वर्षापूर्वी गेले. वय अडुसष्ट, मधुमेह, बीपी, आणि डॉक्टर नको म्हणत असताना चोरून खाल्लेला शिरा. ह्यातलं मंगळाचं काय होतं ते मला कोणीतरी दाखवावं. पत्रिका जुळत नव्हती हे त्यांना लग्नाआधीच सांगितलं होतं. "पोरगी जुळली, बस झालं," म्हणाले होते आणि पुढं सगळा संसार सुखाचा केला.

ऋतिका तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि मी ताट सरकवून उठले. रोट टाकून उठणं पाप असेल तर असू दे.

१० ऑगस्ट

जितेंद्रचा पुण्याहून फोन. घराशेजारचं आपलं खळं गावातल्या हितेंद्रला हवंय, त्याच्या कृषी केंद्रासाठी. "आई, मी शब्द दिलाय त्याला. अनंत चतुर्दशीला येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिपूजन. दुपारी ग्रहणाचे वेध लागतात आणि मग पितृपक्ष, म्हणजे तेवढीच सकाळ हातात आहे. ते झालं की तुला घेऊन पुण्याला."

मी बरं म्हटलं होतं हे खरं. पण ते कधी, तर हे गेले त्या महिन्यात. तेव्हा मला कोणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी मी बरंच म्हटलं असतं.

कानबाईच्या दिवशीचं त्याच्या कानावर गेलंच होतं. "लोक तुला काहीही बोलतात, आई. कशाला राहायचं तिथं?" मी म्हटलं, पाहू. नाही म्हणायला हवं होतं. शाळेत एकतीस वर्षं पोरांना दटावलं, पण स्वतःच्या पोराला नाही म्हणताना जीभ जड होते.

दुसरी गोष्ट. गल्लीतली पोरं चाकणला कंपन्यांत गेली, म्हणून यंदाचा गणपती बायकांच्या गळ्यात पडलाय. बसतो आमच्याच खळ्यात, केळी भरायच्या पत्र्याच्या शेडमध्ये. संध्याकाळी सगळ्या जमल्या. आरास कसली करायची यावर बऱ्हाणपूरहून थर्माकोलचं केदारनाथ आणायचं ठरत आलं होतं. मी म्हटलं, यंदा मंगळ करायचा. तो आमच्या पत्रिकांत येऊन बसतो, तर एकदा आपण त्याच्या घरी जाऊन बघू काय आहे ते.

मग वच्छलाबाई म्हणाली, "करा. माह्या पोरीचं नाव घेऊन करा."

१४ ऑगस्ट

ऋतिकानं फोनवर फोटो पाठवला. यानानं वरून काढलेला मंगळाचा तुकडा आहे, पण माझ्या फोनवर एवढासा, धड दिसत नाही. सोबत लिहिलंय, "काकू, हा तिथला सगळ्यात भारी भाग." हितेंद्रनं तो मोठ्या फ्लेक्सवर छापून दिला. खळं मिळायचंय ना, त्यामुळं सध्या फार गोड वागतो. खाली कोपऱ्यात हात जोडलेला त्याचा फोटो, गळ्यात उपरणं, "गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत".

फ्लेक्स शेडला लावला आणि सगळ्या बघत राहिलो. काय डोंगर आहे. लांबच लांब, मध्ये फाटे फुटलेला, दोन्ही अंगांनी उभे कडे. सातपुडा त्याच्यापुढं बांधासारखा वाटावा. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, ही त्याची धार, हे उतार, हे माथ्यावरचं पठार. बऱ्याच वर्षांनी हातात पट्टी धरली. बरं वाटलं.

गणपतीपुढं हा डोंगर उभा करायचा. माती शेडच्या मागच्या अंगाची, खळ्यातलीच काढू. दुसरीकडून आणायची म्हणजे ट्रॅक्टर लागतो. खळं आपलं, माती आपली. ह्यात माझा दुसरा काहीही विचार नाही.

१९ ऑगस्ट

हात सोलवटले, पण डोंगर छातीपर्यंत आला. मागं चर पडलाय तो कमरेएवढा. वरची काळी माती संपली आणि खाली पिवळी लागली, तापीकाठच्या घळींत असते तीच. उभी कापली तरी ढळत नाही.

सुंदरबाई रोज येऊन उभी राहते. आज म्हणे, "म्हातारपनी माती खेयू राह्यली का लते?" मी घमेलं भरत राहिले. येताना तिनं किटलीभर चहा आणला होता, दूध उरलं होतं म्हणे. म्हैस हल्ली रोजच कशी जास्त दूध देते कोण जाणे. मग गल्लीतली मयुरी घमेलं नीट धरत नाही म्हणून हिनंच ते हिसकावून घेतलं आणि दुपारपर्यंत माती वाहिली. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय. मी मुळीच कौतुक केलं नाही.

हितेंद्र येऊन गेला. चराच्या काठावर उभं राहून म्हणाला, "काकू, माती इथूनच काढायची होती का?"

"डोंगराला लागते."

"डोंगर केवढा करणार आहात?"

"मंगळावर सगळं मोठंच असतं," मी म्हटलं. बिचाऱ्याला हसावं की नाही कळेना.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

ऋतिका सुट्टीला आली. आम्ही सगळ्या डोंगराभोवती उभ्या. गेरू मारून झाला होता, लालभडक दिसत होता. ती बघतच राहिली. मग फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाली, "काकू, हा डोंगर नाही. ही घळई आहे."

मला आधी समजेना. तिनं फोनवर मूळ फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. तोच फोटो, पण खालची बाजू वर. आणि माझ्या डोळ्यांदेखत डोंगर आत गेला. खोल, उभ्या कड्यांची, भयंकर मोठी दरी. सात किलोमीटर खोल, म्हणाली, आणि काश्मीर ते कन्याकुमारी आत निजवलं तरी लांबी उरेल.

झालं होतं असं की, मूळ फोटोत खालचा कोपरा काळाकुट्ट आहे. तिथं हितेंद्रचा चेहरा उठेना. म्हणून फ्लेक्सवाल्यानं मंगळ उलटा फिरवला आणि उजेडाच्या बाजूवर हितेंद्र बसवला. ऊन खालून आलं. आपल्या डोळ्यांना ऊन वरून येण्याची सवय, त्यामुळं खड्डा फुगीर दिसतो. ऋतिका म्हणाली, भल्याभल्यांना दिसतो. मला भल्याभल्यांचं सांगू नको. मी भूगोलाची बाई आहे. पट्टी घेऊन खड्ड्याचा माथा दाखवला मी सगळ्यांना.

बायका डोंगरावरच बसल्या. कोणी मला बोललं नाही, हे जास्त लागलं. तीन दिवसांवर चतुर्थी. सुंदरबाई तेवढी म्हणाली, "आता काय, थर्माकोलवाल्याले फोन करू?"

तेवढ्यात ऋतिका शेडच्या मागं गेली होती. तिथून हाक मारली, "काकू, मग हे काय आहे?"

गेलो. आमचा चर. पोरी माती काढत गेल्या तसा तसा लांबलेला, मध्ये फाटे फुटलेला, दोन्ही अंगांनी पिवळे उभे कडे. एवढे दिवस आम्ही मंगळाकडं पाठ करून मंगळ खणत होतो. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या.

चौरंग फिरवायचा ठरला. तोंड पश्चिमेला येतं, त्याला काही हरकत नाही. सुंदरबाईनं घातलाच खोडा. "खड्ड्याकडे तोंड करून देव बसवतात का कोनी?" मी म्हटलं, अक्का, माझ्या कपाळावर आयुष्यभर ज्याचं नाव मारलं, तो खड्डा निघाला. देवालाही बघू दे.

तिनं पदर खोचला आणि चौरंगाला हात घातला.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

गणपती बसले. फ्लेक्स सुलटा केला, म्हणजे घळई घळईसारखी दिसते. त्यात हितेंद्र खाली डोकं वर पाय झाला, त्याला माझा इलाज नाही. आरतीला आला तेव्हा बराच वेळ मान वाकडी करून स्वतःकडं बघत होता.

"काकू, मी उलटा लागलोय."

"तुम्ही नाही, ऊन उलटं होतं. शास्त्र आहे ते," मी सांगितलं. शास्त्र म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. मात्र जाताना खळ्याचा कोपरान् कोपरा बघून गेला आणि गेटजवळ फोन कानाला लावला. जितूलाच असणार. लावू दे.

३१ ऑगस्ट

काल दुपारपासून पाऊस कोसळतोय. सकाळी उठून गेले तर उत्तरेचा अख्खा कडा आत बसलेला. माती पसरून तळ निम्मा झाकला गेला. एवढी तासलेली भिंत, आणि आता नुसता राडा. कोणी नव्हतं तिथं. मी शेडच्या खांबाला धरून रडले. कड्यासाठी एवढं रडू येत नाही माणसाला, हे मलाही कळत होतं. हे गेल्यावर सगळे होते घरात, म्हणून तेव्हा धड रडलेच नव्हते.

मग तोंड पुसलं आणि वर बघितलं. फ्लेक्सवर घळईच्या आत, कड्याच्या पायथ्याशी, पंख्यासारखे पसरलेले ढीग आहेत. रोज बघत होते, ते काय आहेत हे आज कळलं. ऋतिकाला फोन केला. ती म्हणाली, बरोबर ओळखलंत काकू. ही घळई नदीनं कोरलेली नाही. जमीनच फाटली, आणि मग कडे ढासळत गेले. जेवढे ढासळले तेवढी ती रुंद झाली.

म्हणजे ढासळून ती बुजली नाही, मोठी झाली.

बायका फावडी घेऊन आल्या होत्या कडा नीट करायला. मी कोणाला हात लावू दिला नाही. म्हटलं, आता बरोबर झाली.

३ सप्टेंबर

गर्दी आवरत नाही. रावेर, सावदा, निंभोऱ्याहून लोक येतात. एक बाई पोरीला घेऊन आली होती, पोरीला कडक मंगळ. दोघी काठावर उभ्या राहून बघत राहिल्या. पोरगी म्हणाली, "एवढाच?" आई म्हणाली, "गप." पण पोरगी हसत होती.

सुंदरबाईनं काठावर स्वतःची खुर्ची टाकली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती देते. मला विचारायची पद्धत नाही. आज कानांनी ऐकलं, "कास्मीर ते कन्याकुमारी एवढी दरड आहे ही. ज्याच्या अंगावर एवढी मोठी भेग, त्याले स्वताचं सांभायता येत नाही, तो आपल्या पोरींकडे कव्हा पाहीन?" हे माझं वाक्य. परवा मी म्हटलेलं, हिनं उचललं आणि आपल्या नावावर खपवलं. कानबाईच्या दिवशी काय बोलली होती ते विसरली वाटतं. लाज तरी असावी माणसाला.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

तापीवर विसर्जन करून आलो. जितू दुपारीच आला. मिरवणुकीत नाचला नाही, माझ्या बाजूनं चालत राहिला. वाळलाय.

घरी आल्यावर खळ्यात गेला. घळईच्या काठावर बराच वेळ उभा होता. "आई, हे तू मुद्दाम केलंस?"

मी नाही म्हणणार होते. ह्या वहीत तेच लिहीत आले आहे. पण तोंडून निघालं, "माहीत नाही."

"उद्या सकाळी जेसीबी येणार. तुझा तो डोंगर ढकलला की तासाभरात भरून निघेल सगळं. मी शब्द दिलाय, आई. आणि तू इथं एकटी... लोक तुला जे बोलतात ते मला ऐकवत नाही गं."

"मला ऐकवतं," मी म्हटलं. "मी ऐकते, उलटून बोलते आणि इथंच राहते. मी आले तर ते म्हणतील, मंगळानं नवरा नेला आणि घरही नेलं. ते मी त्यांना म्हणू देणार नाही. माझ्या घरातून मला मंगळही काढू शकत नाही आणि तूही नाही."

बोलले एकदाचं. तो ताटावर बसला आणि भाकरी निम्मी टाकून उठला. वडलांसारखा गप्प बसतो, आणि त्यामुळं मला जास्त राग येतो.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी जेसीबीचा आवाज आला तेव्हा मी गवार निवडत होते. वेध लागायच्या आत स्वयंपाक, जेवण सगळं उरकायचं म्हणून गावभर घाई चाललेली. मी सूप उचललं, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि ढासळलेल्या कड्यावरून घळईत उतरले. तिथंच उतार झालाय, बरं झालं ढासळला ते. तळाशी खुर्ची टेकवली आणि पुन्हा गवार निवडायला लागले.

जेसीबीवाला थांबला. त्यानं हितेंद्रकडं बघितलं, हितेंद्रनं जितूकडं. पूजेचं ताट, नारळ, कुदळ सगळं तयार. हितेंद्र काठावर येऊन म्हणाला, "काकू, वर या ना. आधीच उशीर होऊ राह्यला. दुपारी वेध, मग पंधरा दिवस काहीच करता येणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"जितूभाऊ, तुम्ही सांगा ना."

जितू म्हणाला, "आई, वर ये." मी शेंगेचं देठ मोडलं. तो पुन्हा म्हणाला, ह्या वेळी हळू. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर उठले असते, मला माझी खात्री नव्हती.

बायका जमल्या. वच्छलाबाई, मयुरी, सगळ्या काठावर. पण खाली कोणी उतरेना, आणि मला एकदम फार एकटं वाटलं. वाटलं, झालं, एवढाच तमाशा होता माझा.

तेवढ्यात बायकांना बाजूला सारत सुंदरबाई आली. एका हातात तिची ती खुर्ची, काखेत भाकरीचं फडकं. काठावर उभी राहून खाली बघितलं. बहात्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाली, "जित्या, हात दे. उतरू दे मले."

"मोठी आई, तुम्ही कशाला..."

"हात दे म्हनते ना."

जितू थांबला. हितेंद्रकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग चपला काढल्या, अर्ध्या उतारावर पाय रोवले आणि तिला दोन्ही हातांनी धरून एक एक पाऊल खाली आणलं. खुर्चीही आणली. माझ्या शेजारी टेकवली, हलत नाही ना बघितलं. तेव्हा मला कळलं की आता जेसीबी चालणार नाही.

सुंदरबाई धापा टाकत बसली. सुपातली मूठभर गवार आपल्या मांडीवर घेतली. एक एक देठ मोडायला लागली. माझा राग अजून होता आणि मी तो सोडणार नव्हते.

"मी बोलली ते बोलली," ती म्हणाली, शेंगांकडं बघत. "माहा देर गेला, मले कोनाले तरी बोलाचं होतं. आता तू पुन्याले गेली तं मी कोनाले बोलू?"

मी म्हटलं, "अक्का, देठं नीट काढा. दोरा राहतो."

वर हितेंद्र दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होता. ऊन चढलं. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि सावलीत जाऊन बसला. जितू काठावर बसला होता, पाय आत सोडून. हितेंद्र त्याच्याशी काही बोलायला गेला तेव्हा जितूनं नुसती मान हलवली आणि त्याचा हात हातात घेतला. माफी मागत असावा. शेवटी सुंदरबाईनंच खालून हाक दिली, "हितेंद्रा, वेध लागले रे बाबा. आता मातीले हात लावशीन तं दोष लागीन. घरी जाय, पोराबायांत बस." तो कुदळ उचलून गेला. वाईट माणूस नाही. त्याला स्टेशनच्या रस्त्याला जागा मिळेल, आणि तिथं गिऱ्हाईकही जास्त.

मग तिनं फडकं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. मी म्हटलं, अक्का, वेध लागलेत, तुम्हीच म्हणालात. वेधात तुम्ही पाणीसुद्धा पीत नाही.

"ते वर," सुंदरबाई म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "जित्या, तूबी ये खाली."

जितू उतरला. तिघांनी जेवण केलं. आज त्यानं अख्खी भाकरी खाल्ली.